एक बोट कमी

तिसरीच्या वर्गाला मी हातच्याची वजाबाकी शिकवत होते, तेव्हा दारात जनार्दन येऊन उभा राहिला. जनार्दन म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा थोरला मुलगा, बापासारखाच मिठागरात राबणारा. पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि तो वाळून पांढरा पडलेला. म्हणजे आगरातून निघून तसाच सायकल मारत उरणपर्यंत आला होता. "काकी, बाबा गेलं," एवढंच म्हणाला. बांधावर काम करता करता बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं होतं. मी त्याला बस म्हटलं, वळले आणि फळ्यावरचं गणित पुरं केलं. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, मुलांना घरी पाठवलं आणि खुर्चीत बसले ती मला उठवेना. मी फार धीराची आहे असं पुढे बायका एकमेकींत बोलल्या म्हणे. धीर कसला... मला दुसरं काही सुचलं नाही, इतकंच.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. हसुराम भावजींवर कुणी काही लिहावं असं त्यांनी आयुष्यात काही केलं नाही. मीठ पिकवलं, बांध घातले, तीन मुलं वाढवली. गावात त्यांची ओळख सांगायची तर लोक हसून सांगतात, "तो बोटकम!" कारण चहाचा कप असो, पाण्याचा तांब्या असो, भाताचं माप असो, हसुरामच्या हातून ते काठाला कधी लागलं नाही. नेहमी एक बोट कमी. चिक्कू माणूस, असा शिक्का त्यांच्यावर बसला आणि तो घेऊनच ते गेले. तो शिक्का माझ्यामुळे बसला होता. हे सांगायला मला बारा वर्षं लागली आणि ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून आता निदान चार माणसांपुढे लिहून ठेवते. लिहायचाही कंटाळा आलाय खरं तर, पण ठेवते.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतच माझ्या यजमानांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी लॉरी आणली. रंग हिरवा, एका दाराला काच नाही, सुरू होताना सगळी आळी जागी करायची. आगरातलं मीठ पनवेलला न्यायचं काम होतं. यजमान चालवायचे आणि भावजी शेजारी बसून जायचे, गोणी चढवायला-उतरवायला. त्यातच ते थोडंफार चालवायला शिकले, परवानाही काढला, पण दादा शेजारी असताना चाकाला हात लावायचे नाहीत. मी चौलकडची, सातवीची फायनल परीक्षा पास झालेली. त्या घरात वाचता-लिहिता येणारी पहिली बाई मीच, त्यामुळे माझा शब्द घरात जरा जास्तच चालायचा. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

लग्नाला पाच वर्षं झाली असतील, यजमानांना छातीचं दुखणं लागलं. वजन उतरलं, खोकल्यातून रक्त पडलं, आणि त्यांना घाटावरच्या इस्पितळात ठेवावं लागलं. आठ महिने. तिथून पत्रं यायची ती माझ्या नावावर, पण पहिली ओळ लॉरीची. लॉरीवर गोणपाट टाकलंय का, चाकांखाली दगड लावलेत का, कोंबड्या आत शिरत नाहीत ना... माझी विचारपूस शेवटून दुसऱ्या ओळीत. मी चिडायचे, पण मला कळत होतं. त्या खाटेवर पडल्या पडल्या तो माणूस मनातल्या मनात रोज पनवेलच्या खेपा करत होता आणि त्या खेपांवरच जगत होता. चार महिने लॉरी उभी राहिली. मग मिठाच्या व्यापाऱ्याचा निरोप आला, की पुढच्या आठवड्यापासून माल उचलणार असाल तर उचला, नाहीतर दुसऱ्याची गाडी लावतो. मी पत्रानं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: हसुरामला चालवू दे, पण इतके दिवस उभी गाडी तशी पळवू नका. आधी इंजिनाचं तेल बदला, पनवेलच्या मिस्त्रीला बोलवा.

मिस्त्री त्याच्या गावी गेलेला, पंधरा दिवस येणार नव्हता. भावजी ओट्यावर डोकं धरून बसले. मी म्हटलं, त्यात काय एवढं? पत्राच्या पाठीमागे यजमानांनी सगळं लिहिलं होतं, मिस्त्री चुकारपणा करील म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला. तेच वाचून आपण करू. भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बाळंतपण घरच्या घरी उरकायचं म्हणतेय. पण पत्र मी वाचत होते, आणि त्या घरात पत्र वाचणाऱ्याचं ऐकायची पद्धत होती.

सकाळची वेळ धरली. पत्रात लिहिल्याप्रमाणे आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, म्हणजे तेल पातळ होतं. मग भावजी गोणपाट अंथरून लॉरीखाली शिरले, आगरातलं घमेलं पोटाशी घेऊन. मी बाहेर उकिडवी बसून मोठ्यानं वाचत होते: खालचं बूच पान्यानं डावीकडे फिरवा. बूच हलेना. आतून भावजींचा आवाज, "वयनी, डावी कुनाची? माजी का गारीची?" हा प्रश्न पत्रात नव्हता. माझं हसू थांबेना, तेही आतून हसायला लागले, आणि त्या हसण्यात पाना फिरला. तेल आलं ते एकदम आलं, काळं आणि कढत, त्यांच्या कोपरापर्यंत. बुचाबरोबरची तांब्याची चकती घमेल्यात पडली. ती तशीच गरम तेलात हात घालून त्यांनी शोधून काढली. ओरडले नाहीत. संध्याकाळी हाताला खोबरेल लावताना सखूनं, म्हणजे माझ्या जावेनं, फोड पाहिले तेव्हा मला कळलं.

काळं तेल निघालं ही बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे तेल टाकून द्यायची पद्धतच नाही, मग ते कसलं का असेना. शेजारची म्हातारी करवंटी घेऊन आली, "माज्या गारीच्या आसाला घाल रं जरासा." तिच्यामागून होडीवाला, मग दारांच्या बिजागऱ्यांवाले, मग वाळवी लागलेल्या खांबांवाले. भावजींनी एकेकाची करवंटी काठोकाठ भरून दिली, वर थोडं सांडलंही. त्यांचा हात तसाच होता. आगरात मीठ मोजताना ते मापावर शीग लावायचे, म्हणजे काठाच्या वर मिठाचा ढीग यायचा. माप हाताने सपाट करून देणाऱ्या माणसाला आमच्या सासूबाई जेवायला वाढायच्या नाहीत असं ते गमतीनं म्हणायचे. त्या दिवशी दारासमोर ते काळ्या हातांनी तेल वाटत उभे होते आणि जो तो आशीर्वाद देऊन जात होता. माझ्या डोळ्यांपुढे भावजी येतात ते अजून तसेच.

मग नवं तेल. गॅलनचे दोन डबे आणले होते. डब्यावरचं इंग्रजी आम्हां दोघांनाही येत नव्हतं. भावजींनी घरातलं शेराचं पितळी माप घेतलं, नरसाळं लावलं आणि मीठ मोजतात तसं मोजायला सुरुवात केली. "लाभ..." पहिल्या मापाला आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "दोन... तीन..." इंजिनात तेल किती आहे हे पाहायची एक लांब लोखंडी पट्टी असते. तिच्यावर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. पट्टी पुसायची, आत घालायची, काढून बघायची. सात मापं झाली तेव्हा तेल वरच्या खुणेला लागलं. "बास. खून आली," ते म्हणाले. दुसऱ्या डब्यात अजून तीन मापं तरी उरलं होतं.

मी म्हटलं, "घाला ना तेही."

"कागदान वरच्या खुनेपरत लिवलाय ना?"

पत्रात तसंच लिहिलं होतं. वरच्या खुणेपर्यंत. ते अक्षर आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. पण आदल्याच रविवारी मी इस्पितळात जाऊन आले होते. यजमानांच्या सदऱ्याची बाही हातावरून लोंबत होती, गळ्याशी दोन बोटं जातील एवढी पोकळी. बशीत वाढलेलं अर्धं अन्न ते परत करत होते. घरी येऊन बघावं तर सगळं अर्धंमुर्धंच वाटायचं मला... आणि हा माणूस त्यांच्या गाडीत हात राखून तेल घालतो? मी म्हणाले, "खूण म्हणजे निदान एवढं तरी हवं, भावजी. त्याहून कमी नको, असा अर्थ असतो. आजारी माणसाच्या गाडीला कमी माप घालू नका. मिठाला शीग लावता, मग इथे काय झालं?"

त्यांनी पट्टी पुसून परत जागेवर घातली. म्हणाले, "तू शिकलेली हास. तुला म्हाईत." आणि माप खाली ठेवून बाजूला झाले. उरलेलं तेल मी माझ्या हातानं ओतलं. अगदी थेंब निथळेपर्यंत डबा उलटा धरला. मला फार बरं वाटलं होतं त्या क्षणी. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी भरल्यासारखं वाटलं.

तीन दिवसांनी मीठ भरून लॉरी निघाली. पनवेलहून मला इस्पितळासाठी पुढची मोटार धरायची होती, म्हणून मी भावजींच्या शेजारी बसले. गावाबाहेर पडेपर्यंत सगळं झकास. मग मागे निळसर धूर दिसायला लागला. मला वाटलं, नवं तेल आहे, जळत असेल थोडं. खिंडीचा चढ लागला आणि इंजिनातून ठकठक असा आवाज सुरू झाला, कुणी आतून दार वाजवतंय तसा. वर पोचेपर्यंत तो वाढला, मग एक मोठा आवाज झाला आणि लॉरी थांबली. ती कायमची. भावजी उतरले, खाली वाकून बघितलं. पोटाखालून तेल ठिबकत होतं. त्यांनी पट्टी काढली. तेल खुणेच्या चांगलं वीतभर वर, आणि ताकावर यावा तसा त्याला फेस. त्यांनी पट्टी उपरण्याला पुसली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. बोलले ते इतकंच, "मागून कुनाची तरी गारी येल, तिच्यान तू पनवेलला जा. दादाला सांग, गारी बरी हाय."

मी गेले आणि तसंच सांगितलं. यजमान उशीला टेकून बसले होते, विचारलं, "गेली का खेप?" मी म्हटलं, "गेली." त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्या आजारपणात एकदाही पाहिलं नव्हतं. बाहेर येताना डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, मनाला लागेल असं काही कानावर घालू नका. आता याच्यापुढे मी काय बोलणार होते?

पनवेलचा मिस्त्री पंधरा दिवसांनी आला. तो आल्याशिवाय कुणी इंजिन उघडायला तयार नव्हतं. त्यानं सगळं खोलून पाहिलं आणि सांगितलं, की तेल जास्त झालं की आतला दांडा ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस काही वंगण नव्हे. त्यात चढ, त्यात लादलेलं मीठ. आतलं सगळं गेलं. "कुणी भरलं एवढं?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. भावजी मध्येच म्हणाले, "मीच भरला." मिस्त्री गेल्यावर मी त्यांना म्हटलं, हे बरोबर नाही, मी यांना सगळं लिहून टाकते. त्यावर ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तू गप ऱ्हा, वयनी. दादा माज्यावर रागावल तं चार दिस रागावल. भाव हाय त्यो. तुज्यावर रागावला तं त्याचा दुखना परत उठल, आन तुमच्या दोघांचा मन कवाच बसाचा नाय. चार दिसांचा काम हाय."

चार दिवसांचं काम. मीही तसंच धरून चालले, कारण ते मला सोयीचं होतं.

यजमान बरे होऊन घरी आले ते थेट लॉरीकडे गेले. आम्ही कुणी त्यांना कळवलं नव्हतं. उघडं पडलेलं इंजिन त्यांनी पाहिलं. मग "कुणी?" असं विचारलं. "मीच," भावजी म्हणाले. यजमान ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तुला मीठ मोजता येतं ना? मग मीठच मोज." त्यानंतर ते आपल्या धाकट्या भावाशी बोलले नाहीत. लॉरी भंगारात गेली. यजमान पुढे दुसऱ्याच्या ट्रकवर लागले आणि ते त्यांना जन्मभर डाचलं. घरात मध्ये कुडाची भिंत घातली, इकडे आम्ही, तिकडे ते. पुढे मला उरणला शाळा मिळाली आणि आम्ही तिकडे बिऱ्हाड केलं, तेव्हा दोन्ही भावांना सुटल्यासारखं झालं असावं. आणि मलाही.

सांगायचं होतं मला. पहिल्या वर्षी तब्येतीची भीती, दुसऱ्या वर्षी आमची मुलगी झाली, मग दरवर्षी वाटायचं की इतके दिवस लपवलंस याचाच राग आधी येईल. उसवलेलं वेळीच शिवलं नाही की टाके वाढत जातात, तसं झालं. गणपती मात्र मूळ घरी ओट्यावर एकच यायचा. दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहून आरती म्हणायचे, एकच ठेका, एकच चूक त्याच कडव्याला, आणि मध्ये मी ताम्हण धरून. "वयनी, दादाला सांग, कापूर संपला." दादा हातभर अंतरावर. मी वळून सांगायचे, "कापूर संपला म्हणतात." यजमान मला म्हणायचे, "त्याला म्हणावं फळीवर आहे." असं बारा वर्षं मी टपाल वाहिलं. लोकांना गंमत वाटायची, सुरुवातीला मलाही थोडी वाटायची. नंतर गणपती जवळ आले की अंगात कसर आल्यासारखं व्हायचं.

आणि भावजींचं ते एक बोट... ते लॉरीनंतरच सुरू झालं. ज्यांनी आळीभर करवंट्या सांडेपर्यंत भरल्या, त्यांचा हात काठाच्या अलीकडे थांबायला लागला. आगरात मापाला शीग लावेनात. मजूर कुजबुजायला लागले, मग उघड बोलायला लागले. पुढे शेर-पायली जाऊन किलो-लिटर आलं, तरी यांचं बोट तेच. मी एकदा त्यांना म्हटलं, "भावजी, अहो लोक काय म्हणतात तुम्हांला!" ते म्हणाले, "म्हनू दे गो. काठापरत भरलेला बघला का माजा हात थरथरतो." दुसरं काही नाही. मला टोमणा मारावा असं त्यांच्या मनातही नव्हतं, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. कधी वाटायचं, या माणसानं एकदा तरी मला चार शब्द सुनवावेत, म्हणजे मी मोकळी होईन.

शेवटचे भेटले ते जाण्याच्या आठ दिवस आधी. शाळा सुटताना फाटकाशी उभे होते. गेल्या हंगामातलं राखून ठेवलेलं बारीक मीठ फडक्यात बांधून आणलं होतं, दरवर्षी आणायचे तसं, अर्थात गाठ सैल पडेल एवढंच. थकलेले दिसत होते, श्वास लागत होता. घरी चला म्हटलं तर नको म्हणाले, दादा असल. मी त्यांना नाक्यापर्यंत पोचवायला निघाले. थोडं चालल्यावर ते थांबले, रस्त्याकडे बघत म्हणाले, "वयनी... चार दिस झालं का गो?"

बारा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मागितलं. मला एकदम रडू आलं, ते लपवायला मी हसले. म्हटलं, "झाले, भावजी. दिवाळीला येतो आम्ही दोघं, तेव्हा नक्की सांगते." ते मान हलवून म्हणाले, "बरा हाय." आणि गेले. त्याच दिवशी घरी जाऊन सांगता आलं असतं. यजमान ओट्यावर पेपर वाचत बसलेले होते, अंगात ताप नव्हता की खोकला नव्हता. पण मी दिवाळी धरून बसले, जशी काही ती माझ्यासाठी थांबणार होती आणि मधे कुणाला काही होणार नव्हतं. दिवाळीला अजून बारा दिवस होते. ते आठव्या दिवशी गेले.

तेराव्याला सगळे उठून गेल्यावर आम्ही घरचेच उरलो. यजमान बारा वर्षांनी कुडाच्या पलीकडे गेले होते, भावजींच्या खोलीत, त्यांच्या खाटेवर अवघडून बसले होते. सखूच उठली चहाला. बसून बसून अंग आंबलंय म्हणाली. तिनं कप आणून यजमानांच्या हातात दिला. त्यांनी कपात पाहिलं आणि जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "खरंच की, एक बोट कमी. लोक म्हणतात ते खोटं नाही." त्यात वाईट काही नव्हतं, माणसं तेराव्याला थोडं हसतातच. पण माझ्याच्यानं ऐकवलं नाही. मी म्हणाले, "तुमच्या लॉरीत तेल मी ओतलं होतं. ते बास म्हणत होते. मी ऐकलं नाही."

सखू खाली बघूनच म्हणाली, "मना त्यांनी तवाच सांगला व्हता." म्हणजे तिलाही माहीत होतं. नवऱ्याला बोटकम म्हणून हसणारी माणसं ती बारा वर्षं ऐकत आली होती, आणि कुडाच्या पलीकडून मला कधी एक वाकडा शब्द बोलली नव्हती. भावजी आपल्या बायकोला पहिल्याच दिवशी सांगू शकले. मला आपल्या नवऱ्याला सांगायला एक माणूस मरावा लागला.

यजमानांनी कप खाली ठेवला. खाटेच्या वर कुडात एक लोखंडी पट्टी खोचलेली होती. लॉरी भंगारात दिली तेव्हा ती भावजींनी काढून ठेवली असणार. यजमानांनी हात वर करून ती ओढून काढली. धोतराच्या सोग्याला पुसली, तेल बघताना पुसतात तशी, आणि वरच्या खुणेवर अंगठा ठेवून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता सांगतेस?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. पट्टी घरी आणली आहे, खिडकीत ठेवली आहे. काही हवं असलं तर मुलीकरवी निरोप येतो, "आईला सांग, पाणी तापलं का." मी तिच्याकरवीच उत्तर देते. तिला हे टपालाचं काम नवीन आहे, ती गोंधळते. मला राग येत नाही. इतकी दमले आहे की कुणावर रागवायचं तरी उठून बसावं लागेल असं वाटतं. रोज मी मनात म्हणते, चार दिवस... भावजींनी चार दिवस सांगितले होते.

आज सकाळी चहा करताना माझं लक्ष नव्हतं. कप काठोकाठ भरला गेला, तसाच नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बघितला. उचलून अगदी हळू, हात हलू न देता, एक बोट चहा बशीत ओतला. मग बशी माझ्याकडे सरकवली. मी समोर बसले आणि बशी उचलली.